ताप नाही

मांडवखेडात झुंबरबाईच्या घराच्या भिंतीवर, दाराच्या उजव्या अंगाला, मलेरिया खात्याचा एक चौकोन रंगवलेला होता. त्यात दर पंधरा दिवसांची तारीख आणि पुढे वैजीनाथची आखूड सही. १९७६ सालच्या जानेवारीपासून दोन नोव्हेंबरपर्यंत बावीस तारखा होत्या, एकही चुकलेली नव्हती. या बावीस भेटींत वैजीनाथने झुंबरबाईला एकच प्रश्न विचारला होता, ताप आहे का? बावीस वेळा तिने सांगितलं होतं, ताप न्हाई.

तरीही वैजीनाथच्या वहीत तिच्या नावापुढे आठ वेळा ताप लिहिलेला होता.

त्याचं कारण असं. वैजीनाथकडे नऊ गावं होती. सायकलवरून घरोघर जायचं, ताप विचारायचा, असेल तर बोटाला सुई टोचून रक्ताचा थेंब काचेवर घ्यायचा आणि काच तपासायला पाठवायची. महिन्याला किती काचा आल्या पाहिजेत हे वरून ठरून येई. तेवढ्या लोकांना ताप येत नसे, आणि ताप नसताना बोट पुढे करायला कोणी तयार नसे. वैजीनाथने यावर स्वतःचा उपाय काढला. परभणीच्या ठोक दुकानातून तो आपल्या पगारातून एपीसीच्या हजार गोळ्यांचा डबा आणी. अंगदुखी, डोकेदुखीवरची साधी पांढरी गोळी. बोट दिलं की वहीत ताप लिहिला जाई आणि गोळ्या मिळत. नंतर नंतर बोट न दिलं तरी मिळू लागल्या, कारण पुढच्या खेपेला ते बोट लागणार असे. त्याच्या काचा विभागात सगळ्यांत जास्त भरत. साहेबांनी एका बैठकीत त्याला उभं करून त्याचं कौतुक केलं होतं.

झुंबरबाई चाळीशीची. गावाच्या दक्षिणेला बौद्ध वस्तीत तिचं घर. नवरा सुग्रीव विहिरींच्या कामावर दगड फोडायला जायचा. ती खुरपणीला, वेचणीला. चार मुलं. तिचे गुडघे दुखायचे, आणि फेब्रुवारीपासून ते गोळीने राहत होते. पहाटे कोऱ्या चहाबरोबर एक, संध्याकाळी एक. वैजीनाथ दर खेपेला तीस गोळ्या मोजून कागदात बांधून देई.

पावसाळ्यात तिने त्याला एकदा सांगितलं, "भाऊ, काळजाखाली जळतंय."

"पित्त आसल, आक्का. येळंवर जेवत जा."

ती सोडा खाऊ लागली. सोड्याने बरं वाटे, दोन घास भाकरी खाल्ली तरी बरं वाटे, मग पुन्हा जळे. पोळ्यानंतर तिने मिरची सोडली. दसऱ्याला तिच्या चोळीच्या बाह्या दंडावर ढिल्या झाल्या. वैजीनाथच्या छापील कागदावर या गोष्टींना रकाना नव्हता. दोन नोव्हेंबरला त्याने तिच्या बोटाला सुई टोचली, तेव्हा थेंब यायला वेळ लागला. आला तो पातळ आणि फिका होता. काचेवर पसरताना तो पाण्यासारखा धावला. हात ओले असतील, असं म्हणून वैजीनाथने काच वाळवली आणि पुढच्या घरी गेला.

त्या वर्षी खात्याने ठरवलं की मलेरियाच्या माणसांनी यापुढे नुसता ताप विचारून भागणार नाही, सगळ्या आजारांची माहिती ठेवायची. त्यासाठी परभणीला तीन आठवड्यांचं प्रशिक्षण लागलं. पहिल्याच दिवशी प्रत्येकाला नसबंदीच्या केसेसचा आकडा वाटण्यात आला. वैजीनाथचा आकडा बारा, आणि ही बातमी त्याच्या आधी गावांत पोचली.

गुरुवारी, अकरा नोव्हेंबरला, पोटाच्या तक्रारींवर बोलायला डॉ. पेडगावकर आले. बारीक अंगाचे, खडूने फळ्यावर काहीही न लिहिणारे गृहस्थ.

"पोट दुखतंय म्हणणाऱ्या शंभर माणसांतली नव्वद तुमच्यावाचून आणि माझ्यावाचून बरी होतात," ते म्हणाले. "अपचन, गुबारा, दोन दिवसांची हगवण, चार दिवसांचं बद्धकोष्ठ. त्यांना पाणी पाजा, हगवणीत मीठ-साखर घालून पाजा, आणि मध्ये मध्ये करू नका. उरलेल्या दहांसाठी तुमचा पगार आहे. ते दहा ओळखायचे कसे?"

त्यांनी बाकांवरून नजर फिरवली.

"विचारून. घास गिळताना अडकतो का? काही कारण नसताना माणूस उतरत चाललाय का? पोट फळीसारखं कडक झालंय, हात लावू देत नाही? डोळे पिवळे? हगवणीच्या पोराची टाळू खोल गेलीय, लघवी बंद आहे? उलटीत रक्त, किंवा चहाच्या चोथ्यासारखं काही? यातलं एक जरी हो आलं तर त्या दिवशी पाठवायचं. उद्या नाही. आणि शेवटचं, संडासचा रंग विचारायचा."

मागच्या बाकांवर हशा झाला.

"हसा. मी थांबतो." ते थांबले. "काळी. डांबरासारखी काळी, चिकट, आणि वास असा की शेजारचा उठून जाईल. ते अन्न नसतं. पोटात रक्त वाहतं आणि खाली येईतो काळं होतं. दुखेलच असं नाही. माणूस चालत फिरत असतो, नुसता पांढरा पडत जातो, उभं राहिलं की डोळ्यांपुढे अंधारी येते. मग एक दिवस उभाच राहत नाही."

एकाने विचारलं, "साहेब, लोहाच्या गोळ्यांनी पण काळी होते ना?"

"होते. पण ती अशी चिकटत नाही, असा वास मारत नाही. फरक कळला नाही तर पाठवून द्या. एक हेलपाटा फुकट गेला तर मी रागावणार नाही."

"पण पोटात रक्त कशानं वाहतं?"

"जखम होते. कुणाची दारूनं, कुणाची नुसतीच. आणि हल्ली बऱ्याच जणांची या डोकेदुखीच्या पांढऱ्या गोळ्यांनी. एपीसी. रोज, उपाशीपोटी, महिनोन्‌महिने. कोण देतं त्यांना कुणास ठाऊक."

वैजीनाथ टिपणं घेत होता. त्याचं शेवटचं वाक्य अर्धं राहिलं आणि त्यानंतर त्याने काही लिहिलं नाही.

शुक्रवारी त्याने हजेरीवर सही केली नाही. सकाळच्या पॅसेंजरने तो पिंगळीला उतरला, स्टेशनावर ठेवलेली सायकल घेतली आणि साडेनऊला मांडवखेडात पोचला. पूर्वी त्याची घंटा ऐकून पोरं धावत यायची. आज वस्तीत शिरताच दोन दारं लागली. महिन्यापूर्वी शेजारच्या गावात नसबंदीची जीप आली होती आणि तिथले पुरुष चार रात्री ज्वारीत झोपले होते. सरकारी पिशवी खांद्याला असलेला कोणीही आता तसलाच.

झुंबरबाई कामावर गेली नव्हती. ती दारातल्या उन्हात भिंतीला पाठ लावून बसली होती.

"भाऊ, आज तारीख न्हाई तुमची."

"तारीख न्हाई आक्का. जरा इचारायला आलो."

"ताप न्हाई," ती सवयीने म्हणाली.

त्याने तिच्या डोळ्याची खालची पापणी ओढून पाहिली. आतून ती पांढरी होती. नाडी घड्याळ लावून मोजली. एकशे चोवीस. तळहात गार आणि ओला. त्याने तिला उभं राहायला सांगितलं. ती उभी राहिली, आणि लगेच तिने दाराची चौकट धरली.

"आसंच होतंय आठ-धा दिस. गरगरतंय. पन जळायचं कमी झालं बगा."

"आक्का, परसाकडं कसं होतंय?"

तिने पदर तोंडावर घेतला. "काय झालं तुमाला? बाईला इचारायची गोष्ट हाय का ही?"

"रंग कसा असतो तेवढं सांगा."

"रंग?" ती हसली. हसताना तिला धाप लागली. "अंधारात जायाचं, अंधारात यायचं. रंग बघायला कंदील घेऊन जाऊ का काय?"

मांडवखेडात, आणि त्याच्या नऊही गावांत, बायका पहाटे तांबडं फुटायच्या आत जात आणि संध्याकाळी दिवे लागल्यावर जात. मधल्या वेळेत गरज पडली तर दाबून धरत. लहानपण संपल्यापासून यातल्या कोणत्याही बाईने ती गोष्ट उजेडात पाहिलेली नव्हती. पेडगावकर डॉक्टरांनी विचारायला सांगितलेला प्रश्न बरोबर होता. पण ज्यांना तो विचारायचा त्यांना उत्तर माहीत असणं शक्य नव्हतं.

शेजारच्या कुडाआडून सरजाबाई आली. गावची सुईण, पासष्टीची. झुंबरबाईची चारही मुलं तिच्या हातावर झाली होती. तिने सगळं ऐकलं होतं.

"काय रं मलेरिया, केस गावंना म्हनून आता बायांचं हागनं-मुतनं इचारत फिरायलास का?"

"मावशी, ऐका तर."

त्याने जसंच्या तसं सांगितलं. काळी, चिकट, वास. ते आतलं रक्त असतं हेही सांगितलं. सरजाबाईचा चेहरा बदलला. ती झुंबरबाईकडे वळून म्हणाली, "वास हाय गं. तुझ्या संगट येते मी रोज. आठ दिस झाले, वास हाय. मला वाटलं, अजीर्नाचा."

"मला बी आला," झुंबरबाई म्हणाली. "मी म्हनलं तुमचाच."

"माझा? मेले, माझ्या पोटात हाय काय वास मारायला!" सरजाबाईने तिच्या पाठीवर थाप मारली, पण थाप हलकी होती. "चल. आत्ता जाऊ."

"दिवसा? बाप्ये हायत गावात."

"तूर खांद्याला लागायली. कोन बघतंय? मी हाय की."

झुंबरबाईने पदर सावरला. "सकाळधरनं दाबूनच धरलंय," ती म्हणाली.

अकरा वाजून दहा मिनिटांनी दोघी पाण्याचा डबा घेऊन वस्तीमागच्या तुरीत गेल्या. वैजीनाथ तिकडे पाठ करून भिंतीला टेकून बसला. वस्तीतल्या बायका दारांच्या फटीतून पाहत होत्या. साडेअकराला सरजाबाईची हाक आली. कोण्या एकीला नाही, सगळ्यांनाच. चार बायका धावल्या. त्यांनी झुंबरबाईला हातापायांना धरून आणलं. ती उठताना तिथेच कोसळली होती. तिला शुद्ध होती, पण ओठांचा आणि कपाळाचा रंग एकच झाला होता.

सरजाबाई हात धूत म्हणाली, "डांबर. सडकंच्या कामावर पिपात उकळतंय ना, तसं. चमकत हुतं रं उन्हात."

सुग्रीवला विहिरीवरून बोलावून आणलं. बरोबर त्याचा थोरला भाऊ भगवान आणि धाकटा पंडित आले. तिघांच्या अंगावर दगडाची धूळ होती. वैजीनाथ म्हणाला, "आत्ताच्या आत्ता परभणीला न्यायचं. दवाखान्यात."

सुग्रीवने त्याच्याकडे नीट पाहिलं. "कितवा नंबर हाय माझा?"

"कसला नंबर?"

"बारा पायजेत म्हनं तुला. किती झाले? का माझ्यापासूनच सुरुवात?"

"सुग्रीव, शप्पत घेऊन सांगतो, तुझा काई संबंध न्हाई. बाईच्या पोटात रक्त चाललंय."

"आसंच म्हनत्यात," भगवान म्हणाला. "बायकू आजारी म्हनून गाडीत घालायचं, आन् तिथं नवऱ्याला पलंगावर आडवा करायचा. चार लेकरं हायत त्याला. तुमच्या हिशोबात तर पयला तोच बसतो."

"मग त्याला येऊ नको म्हणा. बाईला जाऊ द्या."

"आन् अंगठा कोन देनार?" सुग्रीव ओरडला. "आपरेशन करायचं म्हनले तर नवऱ्याचा अंगठा लागतोय. मी अंगठा देनार, त्या कागदावर काय लिवलंय ते मला कोन सांगनार? तू?"

हा प्रश्न अवाजवी नव्हता. त्या हिवाळ्यात असे अंगठे घेतले जात होते हे वैजीनाथला गावकऱ्यांपेक्षा जास्त ठाऊक होतं.

सरजाबाई मध्ये आली. "मी ह्या डोळ्यांनी बघितलं, सुग्रीव. तिच्या आतून रगत जायलंय. ह्यो खोटं बोलत आसल, मी बी बोलायले का? तुझी ही चार काढली मी. त्या पोरीला तिसऱ्या येळी किती रगत गेलं हुतं, तुला ठावं हाय. आज त्याच्यापरीस पांढरी हाय ती."

मग पंडित, जो आतापर्यंत गप्प होता, म्हणाला, "ह्याला हितं ठिवा. वैनीला घेऊन सुग्रीवदादाला जाऊ द्या. दादा जसा गेला तसा माघारी आला, की ह्याला सोडू. न्हाई आला, तर मंग बघू."

सुग्रीवने भावाकडे पाहिलं, मग वैजीनाथकडे. "बसतो का?"

"बसतो," वैजीनाथ म्हणाला.

हो म्हटल्यावर त्याच्या लक्षात आलं की आता तो डॉक्टरांसमोर असणार नाही. तिने काय खाल्लं, किती दिवस खाल्लं, हे तिथे कोणाला सांगता येणार नाही. इथे, आत्ता, सगळ्यांसमोर सांगता आलं असतं. पण सांगितलं तर आधी मारामारी होईल, मग ही माणसं त्याच्या कुठल्याच शब्दावर विश्वास ठेवणार नाहीत, आणि गाडी जुंपली जाणार नाही. हे कारण खरं होतं. सोयीचंही होतं.

त्याने खात्याच्या कोऱ्या कागदावर लिहिलं, "रुग्ण अंगदुखीच्या गोळ्या घेत असे." ते वाचून पाहिलं आणि फाडलं. दुसऱ्या कागदावर लिहिलं :

"झुंबरबाई सुग्रीव, वय अंदाजे ४०. फेब्रुवारीपासून ए.पी.सी., रोज दोन, एक उपाशीपोटी. एकूण सुमारे सहाशे. गोळ्या मी दिल्या. पावसाळ्यापासून छातीखाली जळजळ, वजन उतरले. आठ दिवसांपासून काळी, चिकट संडास. आज सकाळी नाडी १२४, चक्कर. वैजीनाथ, मलेरिया सर्वेक्षण."

कागदाची घडी त्याने सरजाबाईच्या हातात दिली. "मावशी, हे डॉक्टरच्या हातात द्या. दुसरं काई करायच्या आधी. आणि वाटंनं तिला पाण्याचे घोट सोडून काई नका देऊ. सोडा न्हाई, गोळी न्हाई."

"काय लिवलंस?"

"औषधाचं हाय."

"कोनत्या औषदाचं?"

त्याने पिशवीचा पट्टा लावला. सरजाबाईने त्याच्याकडे जरा जास्त वेळ पाहिलं, मग कागद पदराच्या टोकाला बांधला.

गाडीत कडबा टाकून वर वाकळ अंथरली. झुंबरबाईला निजवताना तिने वैजीनाथला हाताने जवळ बोलावलं. आवाज अगदी खालचा होता.

"भाऊ, एक गोळी द्या की. गाडीत हादरं बसत्याल, गुडघ्याचं लय होतंय."

"आज नको, आक्का."

"एकच."

"न्हाई."

"एवढी हाय पिशवीत आन् देईना बगा," ती सरजाबाईला म्हणाली, आणि डोळे मिटले.

पाऊण वाजता गाडी निघाली. पिंगळीची पॅसेंजर सव्वादोनची होती.

वैजीनाथला समाजमंदिराच्या ओट्यावर बसवलं. समोर भगवान बसला, सुपारी कातरत. सायकल पंडितने आपल्या घरात नेऊन ठेवली. दुपार गेली. पोरं लांबून पाहून गेली. चारच्या सुमारास भगवानची बायको छबूबाई पितळीत पिठलं-भाकरी घेऊन आली.

"कैदी झाला म्हनून उपाशी ठिवायचं का?" ती म्हणाली. "खावा. तुमचा राग न्हाई आमाला. वरून सांगत्यात, तुमी करता." मग जाता जाता थांबली. "हाय का एखांदी पांढरी? सकाळधरनं डोस्कं उठलंय."

"संपल्यात, वैनी."

पिशवीत चामड्याच्या कप्प्यात एकशे ऐंशी होत्या. तो भाकरी खात राहिला. भगवान म्हणाला, "तिला बी लय चालत्यात त्या. आंब्याच्या दिवसापासून. बगा की, औषद सरकारचंच चांगलं."

वैजीनाथने घास गिळला आणि विचारलं, "वैनीच्या छातीखाली जळतं का?"

"जळतं कदीमदी. का?"

"आजपासून बंद करा त्या. घरात असतील त्या टाकून द्या."

"आँ? औषद टाकायचं?"

"टाका म्हणतो ना."

भगवानने सुपारीचं खांड गालात सारलं आणि त्याच्याकडे पाहत राहिला. संध्याकाळच्या गाडीने कोणी आलं नाही. वैजीनाथ ओट्यावरच आडवा झाला, पंडितने घोंगडी आणून दिली.

शनिवारी सकाळी नऊला सुग्रीव पिंगळीच्या वाटेने चालत आला. एकटा. वस्तीतली माणसं जमली. कोणी विचारायच्या आत तो म्हणाला, "मला कोनी हात लावला न्हाई. जसा गेलो तसा आलो." एकदोघे हसले. मग तो म्हणाला, "जित्ती हाय. एक बाटली चढिवली. आनखी दोन लागत्यात. डॉक्टर म्हनला, घरची मानसं आन. दुपारच्या आत."

"आन् ह्याला सोडायचं?" पंडितने विचारलं.

सुग्रीव ओट्यापाशी गेला. रात्रभर न झोपलेला चेहरा. "चिठ्ठी वाचून दावली मला डॉक्टरनं. मोठ्यानं. दोनदा."

"काय हुतं तिच्यात?" भगवान म्हणाला.

"ह्यो सांगल."

वैजीनाथ उभा राहिला. त्याने चार वाक्यांत सांगितलं. काचा भराव्यात म्हणून गोळ्या दिल्या. सहाशे दिल्या. त्यांनी पोटात जखम झाली. हे गुरुवारी कळलं. पाचवं वाक्य तो बोलणार होता, तोच भगवानचा हात त्याच्या तोंडावर बसला. वैजीनाथ ओट्याच्या कडेवर आपटला. भगवान पुन्हा वाकला, तेव्हा सुग्रीवने त्याला मागून धरलं.

"दादा, नंतर. ह्याचं नंतर बघू. आता टाइम न्हाई."

"माझ्या बायकूला बी ह्यानं..."

"दादा, दुपारच्या आत म्हनला डॉक्टर!"

भगवानचे हात सुटले. जमलेली माणसं एकमेकांकडे पाहू लागली. रक्त द्यायला परभणीला जायचं होतं. जीपची भीती होतीच, वर बाटलीभर रक्त गेलेला माणूस पुन्हा दगड फोडू शकतो का, हेही कोणाला माहीत नव्हतं. दोघं तिघं काम आहे म्हणून बाजूला झाले. शेवटी चौघे निघाले. सुग्रीव, भगवान, पंडित आणि त्यांच्यामागे दहा पावलांवर वैजीनाथ, ओठाचं रक्त रुमालाने टिपत. त्याला कोणी चल म्हटलं नव्हतं आणि थांब असंही म्हटलं नव्हतं.

दवाखान्यात चौघांचं रक्त तपासलं. भगवानचं आणि पंडितचं जुळलं. सुग्रीवचं आणि वैजीनाथचं नाही. भगवान पलंगावर आडवा झाला तेव्हा त्याने धोतराची गाठ दोन्ही हातांनी घट्ट धरली होती. नर्सने एक हात मागितला, तो त्याने दिला. दुसरा सोडला नाही.

बाटल्या चढल्या. संध्याकाळी डॉक्टर म्हणाले की रक्तस्राव थांबल्यासारखा दिसतो, पण दिसण्यावर जायचं नाही. सकाळपर्यंत नाडी उतरली तर ठीक, नाहीतर पोट उघडावं लागेल. सुग्रीवला कागद वाचून दाखवला, कशासाठी अंगठा हवा ते सांगितलं. सुग्रीवने पंडितकडे पाहिलं, पंडितने वैजीनाथकडे. वैजीनाथ कागद हातात न घेता, लांबूनच वाचून म्हणाला, "बाईच्याच पोटाचं हाय. दुसरं काई न्हाई." सुग्रीवने अंगठा दिला.

तो वापरावा लागला नाही. रविवारी सकाळी नाडी अठ्ठ्याण्णव होती. दहा वाजता झुंबरबाईने थंड दूध मागितलं आणि ते पोटात राहिलं. सरजाबाई बाहेर येऊन व्हरांड्यात पदर पसरून झोपली, ती कोणी उठवेपर्यंत उठली नाही. डॉक्टर सुग्रीवला म्हणाले, "आणखी एक दिवस गेला असता तर मला सुई घालायला शीर सापडली नसती."

वैजीनाथ वॉर्डाबाहेरच्या बाकावर बसून होता. कालपासून तिथेच. झुंबरबाईला कोणी काही सांगितलं नव्हतं, त्यामुळे तिने आतून दोनदा विचारलं होतं, भाऊ जेवला का.

सुग्रीव येऊन बाकाच्या दुसऱ्या टोकाला बसला. मग समोर पाहतच त्याने विचारलं, "आमच्यासारखी किती घरं हायत?"

"कसली?"

"गोळ्याची. रोजच्या."

वैजीनाथला आकडा आठवावा लागला नाही. "एकतीस."

"बाया किती त्यात?"

"सव्वीस."

"परसाकडं कवा जात्यात त्या?"

"अंधारात," वैजीनाथ म्हणाला. सुग्रीव त्याच्याकडे वळला. आवाज चढला नव्हता.

"मंग हितं काय बसलास?"